बाकाचे माप आणि ज्ञानाचे माप

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात गेली अठरा वर्षे हिशेब सांभाळणाऱ्या एक भगिनी आमच्या परिचयाच्या आहेत. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, कराची विवरणपत्रे हे सारे त्यांच्या हातून जाते. वर्षअखेरीस सनदी लेखापाल येतात, तेव्हा बाईंच्या वहीत दुरुस्ती करण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. बारावीनंतर लग्न झाले आणि शिक्षण थांबले. मुले कळती झाल्यावर त्यांनी बी.कॉम. करण्याचे मनावर घेतले. निमित्त असे झाले की, एका पतसंस्थेत व्यवस्थापकाची जागा रिकामी होती. काम त्यांना येत होते, विश्वास संचालकांना होता. अट मात्र पदवीची होती.

बाई महाविद्यालयात चौकशीस गेल्या. प्रथम वर्षाच्या विषयांत लेखाशास्त्र होते. "हा विषय मला येतो. आजच परीक्षा घ्या, मी आजच देते," असे त्या खिडकीवरच्या लिपिकाला म्हणाल्या. तो बिचारा हसला. "ताई, परीक्षा सत्र भरल्यावर. आधी प्रवेश, मग पंचाहत्तर टक्के हजेरी, मग परीक्षा." त्याचे काही चुकले नाही. नियम तसाच आहे. चूक असेल तर ती त्या नियमामागच्या विचाराची आहे. ज्याला विषय येत नाही त्याला शिकविण्याची सोय आपण केली. ज्याला तो आधीच येतो त्याचे काय करायचे, हे मात्र आपण ठरविलेच नाही.

हा प्रश्न त्या एका भगिनीचा नाही. कोल्हापूरच्या फौंड्रीत वीस वर्षे साचे करणारा कारागीर, रुग्णालयात आयुष्य घालविलेली परिचारिका, सैन्यातून तांत्रिक विभागातील नोकरी संपवून पस्तिशी-चाळिशीत गावी परतलेला जवान, वाचनालयातील ग्रंथ वाचून इतिहासात पारंगत झालेला शिपाई, अशी माणसे आपल्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्याजवळ ज्ञान आहे, पण त्या ज्ञानावर शिक्का नाही. आणि शिक्का देणारी व्यवस्था एकच प्रश्न विचारते: तुम्ही बाकावर किती तास बसलात?

तासांचे माप आले कोठून?

शिक्षण तासांत मोजण्याची ही रीत काही सनातन नाही. तिचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक निधी स्थापन केला. या निधीचा लाभ कोणत्या महाविद्यालयांना द्यायचा, हे ठरविण्यासाठी एक समान माप हवे होते. त्यातून माध्यमिक शाळेत एका विषयाला वर्षभरात दिलेले १२० तास म्हणजे एक एकक, असे माप रूढ झाले. पुढे महाविद्यालयांनीही तासांवर आधारलेले श्रेयांक स्वीकारले. म्हणजे आज जगभर ज्या मापाने विद्या मोजली जाते, त्याचा जन्म अध्यापकांच्या निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेतून झाला! विद्यार्थ्याला काय आले, हा प्रश्न त्या मापाने कधी विचारलाच नव्हता.

अमेरिकेला ही उणीव पुढे जाणवली. १९६७ साली तेथील ‘कॉलेज बोर्ड’ या संस्थेने महाविद्यालयीन पातळीच्या विषयांच्या प्रावीण्य परीक्षा सुरू केल्या. त्या ‘क्लेप’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जातात. लेखाशास्त्र, व्यवस्थापन, व्यापारी कायदा, गणित, जीवशास्त्र, इतिहास, परकीय भाषा अशा ३४ विषयांत ही परीक्षा देता येते. परीक्षार्थी कोठे शिकला, कोणाकडे शिकला, शिकला की स्वतःच वाचले, हे कोणी विचारीत नाही. बहुतेक परीक्षा दीड तासाच्या असतात. गुण २० ते ८० या पट्टीवर दिले जातात आणि ५० गुणांना श्रेयांक द्यावेत, अशी तेथील शिक्षण परिषदेची शिफारस आहे. शुल्क सुमारे शंभर डॉलर, म्हणजे तेथील महाविद्यालयात एका विषयाला जो खर्च येतो त्याच्या मानाने अगदीच थोडे. सैनिकांना तर ती शासकीय खर्चाने देता येते. चार वर्षांच्या पदवीला तेथे साधारणतः १२० श्रेयांक लागतात आणि अशी एक परीक्षा उत्तीर्ण झाल्यास बहुधा तीन किंवा अधिक श्रेयांक पदरी पडतात. चार-पाच विषय असे सुटले, तर एक सत्र वाचते आणि घराला कर्जातून तेवढा श्वास मिळतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना याच जातीची दुसरी व्यवस्था चांगली ठाऊक आहे. तेथील मुले शाळेत असतानाच मे महिन्यात ‘एपी’ परीक्षा देतात. एक ते पाच या श्रेणीत तीन किंवा त्याहून अधिक श्रेणी मिळाल्यास अनेक विद्यापीठे तो विषय झाला, असे मानतात. न्यू जर्सी, कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क या राज्यांत तर १९७०च्या सुमारास अशी महाविद्यालये उभी राहिली की, ज्यांचे मुख्य काम शिकविणे हे नसून प्रौढांनी अन्यत्र मिळविलेले ज्ञान तपासून पदवी देणे हे होते.

हे सारे वाचून पाश्चात्त्यांचे पोवाडे गाण्याची आमची इच्छा नाही. तेथेही अनेक नामांकित विद्यापीठे ‘क्लेप’चे श्रेयांक मानीत नाहीत. किती विषय मान्य करायचे, हे प्रत्येक संस्था आपापले ठरविते आणि त्यात पुष्कळ विसंगती असते. परंतु एक तत्त्व त्यांनी मान्य केले: जे येते ते पुन्हा शिकण्याची सक्ती करणे हा माणसाच्या आयुष्याचा अपव्यय आहे.

आपल्याकडे हे नवे नाही

वस्तुतः हे तत्त्व आपल्याला शिकविण्यासाठी अमेरिकेची गरज नव्हती. पूर्वीच्या पाठशाळांतून शलाका परीक्षेची पद्धत होती. पोथीच्या पानांत सळई खुपसायची, ती ज्या पानाशी थांबेल तेथील विषयाचे विवरण विद्यार्थ्याने तेथल्या तेथे करायचे. गुरुगृही किती वर्षे राहिलास, या प्रश्नाला त्या सळईपुढे काही किंमत नव्हती. पान कोणते निघेल हे गुरूच्या हाती नव्हते, शिष्याच्याही नव्हते. परीक्षेची निःपक्षता याहून सुबोध रीतीने सांगता येणार नाही.

आजचे उदाहरण हवे असेल तर संगीताचे पाहावे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या निधनानंतर, १९३१ साली, त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्याच्या परीक्षा महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहेत. मुलगी गल्लीतील गायनाच्या बाईंकडे शिकते की नामवंत गवयाकडे, याची विचारपूस मंडळ करीत नाही. शास्त्राचा लेखी पेपर असतो आणि क्रियात्मक परीक्षेत परीक्षकासमोर बसून प्रत्यक्ष गावे लागते. तेथे हजेरीपटाचा उपयोग नाही. सूर लागला पाहिजे.

तिसरे उदाहरण अधिक महत्त्वाचे आणि अधिक क्लेशदायक आहे. १९२० साली स्थापन झालेली ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही संस्था सहसदस्यत्वाची परीक्षा घेत असे. ‘ए.एम.आय.ई.’ ही अक्षरे आपल्या औद्योगिक वसाहतींमध्ये एके काळी किती आदराने उच्चारली जात, हे जुन्या पिढीतील वाचकांना स्मरत असेल. दिवसभर कारखान्यात राबणारा पदविकाधारक तरुण रात्री अभ्यास करी, ‘अ’ आणि ‘ब’ हे दोन्ही विभाग उत्तीर्ण होई आणि शासनाच्या दृष्टीने अभियांत्रिकी पदवीधराच्या बरोबरीला येई. नोकरी न सोडता, घर न विकता अभियंता होण्याचा तो राजरस्ता होता. ३१ मे २०१३ नंतर नोंदणी करणाऱ्यांसाठी ही समकक्षता राहिली नाही. पदवी विकणारी दुकाने या देशात बोकाळली होती, हे मान्य. पण ज्या दारातून कष्टाळू माणूस स्वतःच्या बळावर आत येत होता तेही दार लागले आणि त्याच्या जागी दुसरे उघडले गेले नाही. याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

इतिहासाची आणखी एक आठवण येथे करून द्यावीशी वाटते. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली. ती शिकवीत नसत. महाविद्यालये संलग्न करून घेत आणि परीक्षा घेत. पुढच्याच वर्षी, १८५८ साली, लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा संलग्न महाविद्यालयात न गेलेल्यांसाठीही खुल्या केल्या. आपल्याकडे मात्र ‘टर्म भरण्याची’ अट कायम राहिली. परिणाम असा झाला की, परीक्षेचा सारा जाच आपल्या वाट्याला आला आणि परीक्षेने मिळू शकणारे स्वातंत्र्य तेवढे आले नाही. ज्ञान परीक्षेने मोजायचे, पण परीक्षेला बसण्याचा अधिकार हजेरीने मोजायचा, हे दुहेरी कुलूप आपण आजतागायत जपून ठेवले आहे.

पेढी आहे, भरणा कोठे करायचा?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने या कुलपाला हात घातला, याचे श्रेय दिलेच पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांकांच्या पेढीचे विनियम काढले. विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक या पेढीत जमा राहतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. २०२३ साली राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. वर्षाचे १२०० अध्ययन-तास म्हणजे ४० श्रेयांक, असे सूत्र त्याने घालून दिले आणि शालेय, व्यावसायिक व उच्च अशा तिन्ही शिक्षणांना एका धाग्यात ओवले. अनुभवालाही त्यात स्थान आहे. ‘स्वयं’ या शासकीय व्यासपीठावरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय पूर्ण करण्याची मुभा २०२१ च्या विनियमांनी संस्थांना दिली. २०२५ च्या विनियमांत तर पूर्वज्ञानाला मान्यता देण्याचा उल्लेख स्पष्टपणे आला आहे आणि तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत संपविण्याची वाटही दाखविली आहे.

मग अडते कोठे? पेढी उघडली, खातेपुस्तक मिळाले. पण आपल्याजवळचे ज्ञान तोलून घेऊन भरणा करण्याची खिडकीच नाही. सांगलीच्या त्या भगिनींनी ‘स्वयं’वर जावे तर तेथेही आधी नाव नोंदवून आठवड्यांमागून आठवडे पाठ पाहायचे, स्वाध्याय द्यायचे आणि मग परीक्षेला बसायचे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने लक्षावधींना घरबसल्या शिकण्याची संधी दिली, हे त्याचे ऋण मोठे आहे. पण तेथेही पदवीचा ठरलेला काळ लोटावाच लागतो. पूर्वज्ञानाची मान्यता कौशल्य योजनांतून २०१५ पासून कारागिरांना मिळू लागली खरी. पण ते प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पदवी यांच्यामधली नदी ओलांडण्यास साकव अजून झालेला नाही. नियमांत शब्द आले आहेत. शब्दांचे रूपांतर एखाद्या तारखेला, एखाद्या केंद्रावर, एखाद्या प्रश्नपत्रिकेत व्हावे लागते. ते झाले नाही तर पेढी ही केवळ पाटी उरेल.

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

या विचारावर घेतले जाणारे आक्षेप पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की, महाविद्यालय म्हणजे केवळ विषय नव्हे. गुरूचा सहवास, समवयस्कांचा संग, वादविवाद, खेळ, शिबिरे यांतून व्यक्तिमत्त्व घडते. परीक्षा हे कसे मोजणार? हा आक्षेप आम्हांस शिरोधार्य आहे. म्हणूनच संपूर्ण पदवी अशा परीक्षांवर द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. पण अठरा वर्षांच्या युवकाला जो सहवास हवा, तोच चाळिशीच्या गृहिणीवर सक्तीचा करण्यात कोणता संस्कार आहे? आयुष्याने तिला जे शिकविले ते कोणत्या शिबिरात मिळते?

दुसरा आक्षेप परीक्षांच्या विश्वासार्हतेचा आहे आणि तो सर्वांत गंभीर आहे. १८ जून २०२४ रोजी झालेली प्राध्यापकपदासाठीची ‘नेट’ परीक्षा दुसऱ्याच दिवशी रद्द करावी लागली. त्याच वर्षी वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेवरून देशभर संताप उसळला. सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा कायदा त्याच महिन्यात अमलात आला, तरी कायद्याने सचोटी निर्माण होत नाही. फार तर अप्रामाणिकपणा महाग होतो. जेथे परीक्षाच नासली, तेथे परीक्षेवर आधारलेले श्रेयांक म्हणजे खोट्या नाण्यांची टांकसाळ ठरेल. हा धोका आम्ही नाकारीत नाही. पण त्याचे उत्तर बाक नव्हे. हजेरीपटावर खोट्या सह्या होत नाहीत, असे कोणता प्राध्यापक छातीवर हात ठेवून सांगेल? खोटी हजेरी कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही, एवढाच फरक.

तिसरा आक्षेप शिकवणी वर्गांचा. प्रावीण्य परीक्षा आली की, तिचे मार्गदर्शक, अपेक्षित प्रश्नसंच आणि हमखास यशाचे फलक आलेच. १८५७ पासूनचा आपला अनुभव हेच सांगतो. पाठांतरावर उत्तीर्ण होता येईल अशी परीक्षा ठेवली, तर पाठांतर करणारेच उत्तीर्ण होतील. म्हणून परीक्षेचे स्वरूपच असे हवे की, ज्याने काम केले आहे त्याला ती सोपी आणि ज्याने केवळ घोकले आहे त्याला ती अवघड जावी. लेखाशास्त्राच्या परीक्षेत व्याख्या विचारू नयेत. एका दुकानाच्या महिनाभराच्या पावत्या, बिले आणि बँकेचे उतारे समोर ठेवावेत आणि म्हणावे, घ्या, ताळेबंद काढून दाखवा.

चौथा आक्षेप फारसा बोलून दाखविला जात नाही, पण तोच बहुधा निर्णायक ठरतो. विद्यार्थिसंख्येवर तुकड्या ठरतात, तुकड्यांवर अध्यापकांची पदे आणि संस्थेचे शुल्क ठरते. विद्यार्थी वर्गात न येताच श्रेयांक मिळवू लागले, तर आमचे काय, ही भीती अनेक संस्थांच्या मनात आहे. ती समजून घेतली पाहिजे. पण लक्षात घ्यावे की, ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत ती माणसे आज महाविद्यालयात येतच नाहीत. त्यांना पहिल्या वर्षाचे काही विषय सुटले, तर ती उरलेल्या विषयांसाठी प्रथमच वर्गाची पायरी चढतील. यात अध्यापकांचे नुकसान कमी आणि लाभ अधिक आहे.

आरंभ कोठून करावा?

महाराष्ट्राने यात पुढाकार घ्यावा, असे आम्हांस मनःपूर्वक वाटते. आरंभ लहान असावा. लेखाशास्त्र, संगणकाचा प्राथमिक वापर, मराठी आणि इंग्रजी भाषा, भारताचा इतिहास, मूलभूत सांख्यिकी असे पहिल्या वर्षाचे पाच-सहा विषय घ्यावेत. परीक्षा घेणारे मंडळ महाविद्यालयांपासून पूर्णतः वेगळे असावे. जो शिकवितो त्याने तोलू नये, जो तोलतो त्याने शिकवणी चालवू नये. लेखी परीक्षेबरोबर तोंडी किंवा प्रत्यक्ष परीक्षा सक्तीची असावी आणि परीक्षक परगावचा असावा. शलाका परीक्षेची निःपक्षता आणि गांधर्व मंडळाची क्रियात्मक परीक्षा यांचा संगम येथे साधता येईल. एकूण पदवीच्या एक चतुर्थांशाहून अधिक श्रेयांक या मार्गाने देऊ नयेत, म्हणजे सहवासाचा आक्षेपही उरणार नाही. आणि एकदा दिलेला श्रेयांक राज्यातील प्रत्येक विद्यापीठावर बंधनकारक असावा; अमेरिकेतील विसंगती आपण मुद्दाम आयात करण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही परीक्षा मराठीत हवी. ‘क्लेप’मध्ये फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश भाषांची परीक्षा देता येते, भारतीय भाषा तेथे एकही नाही. ते त्यांचे त्यांनी ठरविले. पण आपल्याच राज्यात, ज्या माणसाने आयुष्यभर मराठीत हिशेब लिहिला, मराठीत यंत्र दुरुस्त केले, त्याला केवळ प्रश्नपत्रिका इंग्रजीत आहे म्हणून अनुत्तीर्ण ठरविणे हे त्याच्या ज्ञानाचे मोजमाप नव्हे, तो त्याच्या भाषेचा अवमान आहे.

हे काम एकट्या शासनाचे नाही. वाचनालये, पतसंस्था, कामगार संघटना, माजी सैनिकांच्या संघटना आणि महिला मंडळे यांनी आपापल्या भागातील अशा गुणी माणसांची यादी करावी, त्यांना धीर द्यावा, अभ्यासाला खोली आणि ग्रंथ द्यावेत आणि विद्यापीठाच्या दारात एकेकटे नव्हे, समूहाने जावे. समाज मागे उभा असला की, शासनाच्या कागदालाही पाय फुटतात.

पतसंस्थेतील ती जागा भरली गेली. पदवीधर असलेल्या एका तरुणाची नेमणूक झाली. मुलगा गुणी आहे, नम्रही आहे. हिशेबात कोठे अडले की, दुपारच्या सुट्टीत तो मार्केट यार्डात येतो आणि अडत दुकानाच्या पायरीवर बसून त्या भगिनींना विचारतो. त्या त्याला मनापासून सांगतात. ज्ञान देण्यात त्यांनी कधी कंजुषी केली नाही. त्या ज्ञानाला मान देण्यात आपण किती काळ कंजुषी करणार, एवढाच प्रश्न आहे.